दीड तासावरचं मस्कत

आई, उद्या सकाळी दहाचं विमान आहे. तुम्ही असतात तर आत्तापर्यंत स्वयंपाकघरातून विचारून झालं असतं, "सुनंदा, म्हणजे साडेअकराला तिकडे ना?" मी नेहमीसारखी म्हणाले असते, "आई, घड्याळात साडेअकरा. पण तास तीन लागतात." आणि तुम्ही "हूं" म्हणून फोडणीत मोहरी टाकली असतीत. त्या हूंचा अर्थ मला इतक्या वर्षांत पक्का कळला होता. सून शिकलेली आहे, नर्स आहे, परदेशात नोकरी करते, पण हिला साधा हिशोब येत नाही, असा तो हूं होता.

आज तसं कोणी विचारलं नाही. परवा तुमचं तेरावं झालं. मोठे भाऊजी आणि जाऊबाई आज सकाळच्या एसटीने गावी निघाले. माझ्या इथल्या जुन्या बॅगेची चेन तुटली म्हणून हे ती घेऊन स्वातीसोबत केबिन रोडला गेलेत. घरात मी एकटीच आहे आणि पलंगावर कपड्यांच्या घड्या पडल्यात. म्हटलं, निघण्याआधी तुमच्याशी एकदा बोलून घ्यावं. खरं तर भांडून घ्यावं, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय.

भांडण एवढंच, की मस्कत किती लांब?

ह्यांची कंपनी बंद पडली त्या वर्षी ते सुरू झालं. गिरगावातली खोली सोडून आपण भाईंदरला येऊन तीनेक वर्षं झाली होती. खिडकीतून मिठागरं दिसायची आणि नळाला पाणी तेवढं दिसायचं नाही. मी बोरिवलीच्या एका दवाखान्यात नर्स होते. मस्कतच्या हॉस्पिटलात नर्सेस हव्यात अशी जाहिरात आली, मी मुलाखत दिली आणि माझी निवड झाली. माझी स्वाती तेव्हा चार वर्षांची. बातमी गावाला पोचली तसे मोठे भाऊजी लांज्याजवळच्या आपल्या गावाहून तडक आले. येताना तयारीने आले होते. शाळेतल्या मास्तरांकडून नकाशावर पट्टी लावून अंतर काढून आणलं होतं.

"पंधराशे किलोमीटर!" चहाचा कप तसाच ठेवून ते म्हणाले. "आपला गाव हितून साडेतीनशे. म्हणजे चौपट लांब. बायकामाणसानं एकटीनं जायची जागा हाय का ही? उद्या पोरीला काय झालं, आईला काय झालं, तर हाक कुणाला मारायची?"

हे खाली मान घालून बसले होते. नोकरी गेलेल्या माणसाचा आवाज घरात आधीच बारीक झालेला असतो. मी दाराशी उभी होते आणि मनात म्हणत होते, संपलं. तुम्ही खिडकीखाली बसून सुपात तांदूळ निवडत होतात. मान वर न करता तुम्ही मला विचारलंत, "वेळ किती लागतो गो?"

"दहाला सुटतं, साडेअकराला पोचतं," मी म्हटलं. एजंटाने मला सांगितलं होतं तसंच मी सांगितलं.

तुम्ही सूप खाली ठेवलंत. "दीड तास. काय रे, काशिमीऱ्याच्या नाक्यावर एसटीत बसलं, की दीड तासात काय येतं?"

"पनवेल," भाऊजी म्हणाले.

"मग ही पनवेलला चाललीय. आणि गाव?"

"दहा तास. घाटात अडकली तर बारा."

"मग लांब कोण ऱ्हातं? तू का ही?"

भाऊजींनी कपाळाला हात लावला. "अगो आई, पण किलोमीटर बघ की!"

"किलोमीटर काय तिला चालायचे हायत? बसून जायचंय. बसून जाणाऱ्यानं तास मोजायचे."

"पण आई, तिथलं घड्याळ..." एवढंच माझ्या तोंडून आलं. तुम्ही मला पुढे बोलू दिलं नाहीत. "घड्याळ हाय ना तिच्या हातात? झालं तर मग," असं म्हणालात आणि पुन्हा भाऊजींकडे वळलात. तेव्हाचं तुमचं वाक्य मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "उद्या मला काय झालं तर बघ तू. ही तुझ्या आधी पोचेल. माझा शब्द हाय."

भाऊजी हसले. मी नाही हसले. शब्द तुम्ही दिला होता आणि पाळायचा मला होता.

तुमचा हिशोब चुकला होता, आई. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. इथे दहाला निघालेलं विमान तीन तास उडून तिथल्या साडेअकराला उतरतं. तुम्ही सुटायची वेळ भाईंदरच्या घड्याळातून घेतलीत, पोचायची मस्कतच्या घड्याळातून घेतलीत आणि वजाबाकी करून मोकळ्या झालात. त्या चुकीच्या वजाबाकीवर माझी नोकरी उभी राहिली आणि नोकरीवर हे घर. मला तेव्हा वाटलं होतं की तुम्ही फक्त गफलतीने जिंकलात. आता वाटतं, तास तीन आहेत असं कळलं असतं तरी तुम्ही डगमगला नसतात. पनवेलच्या जागी तीन तासांवरचं वडखळ म्हणाला असतात, एवढंच. सख्ख्या थोरल्या मुलासमोर, ज्याच्या हातून उद्या अग्नी घ्यायचा त्याच्यासमोर, सुनेची बाजू घेऊन बसणारी बाई त्या काळी आपल्या अख्ख्या नात्यागोत्यात नव्हती. मस्कतच्या हॉस्टेलात बायका आपापल्या सासवांचे किस्से सांगायला बसायच्या तेव्हा मी गप्प बसायचे. माझ्याकडे तक्रारीचा किस्साच नव्हता. शेवटी एकदा तुमचा तो पनवेलचा किस्सा सांगितला, तेव्हा केरळच्या आमच्या मेट्रन म्हणाल्या, "युवर मदर-इन-लॉ शुड बी अ मिनिस्टर." मी त्या दिवशी ड्युटीवर ताठ मानेने फिरले.

मी पहिल्यांदा निघाले ती सकाळ आठवते ना? तुम्ही माझ्या हातावर दही ठेवलंत. स्वाती माझा पदर सोडेना. तुम्ही तिला उचलून कडेवर घेतलंत आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, "रडतेस काय? आई पनवेलला चाललीय!" मग आत जाऊन घरातला झाडू उचललात आणि माळ्यावर टाकलात.

कुणी प्रवासाला निघालं की ते माणूस पोचेपर्यंत मागे केर काढायचा नाही, ही तुमची रीत. गावाला माणूस निघालं की अख्खा दिवस घरात कचरा लोळायचा, खोबऱ्याच्या शेंड्या, भाजीची देठं, सगळं तसंच. मी लग्न होऊन आले तेव्हा नर्सिंग शिकलेली, स्वच्छतेचं वेड असलेली. मला त्या रीतीचा राग यायचा. "आई, केरात काय आहे?" मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होतात, "केरात काय नाय गो. पण झाडू मारला की घर म्हणतं, गेलेलं माणूस गेलं. पोचेपर्यंत ते घरातच हाय असं धरायचं." तेव्हापासून मी त्या रीतीबद्दल बोलले नाही.

तर मी निघाले आणि तुम्ही घड्याळासमोर बसलात. साडेअकराचा ठोका पडला तसा माळ्यावरून झाडू काढलात आणि सगळं घर लख्ख केलंत. हे मला वर्षभराने, पहिल्या सुटीवर आले तेव्हा कळलं. तुम्ही मोठ्या अभिमानाने सांगत होतात की गावाला गेलेल्यांच्या मागे दिवसभर उकिरडा, पण तुझ्या मागे दीड तासात घर साफ. मी आपली नर्स, रुग्णाला खरं सांगायची सवय. मी म्हटलं, "आई, तुम्ही झाडू मारलात तेव्हा मी पोचले नव्हते. निम्म्या वाटेवर होते."

तुमचा चेहरा असा उतरला की मला माझ्या शब्दांची भीती वाटली. "म्हणजे मी झाडू मारला तेव्हा तू पाण्यावर होतीस?"

मग मी ओट्यावर दोन घड्याळं मांडली. माझं हातातलं आणि ह्यांचं. एक भाईंदर, एक मस्कत. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो, तिकडे दीड तासाने उगवतो, म्हणून तिकडची घड्याळं मागे, असं सगळं समजावलं. तुम्ही नीट ऐकून घेतलंत. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई इतकं नीट ऐकते हे बघून मला वाटलं, आज पटलं. मग तुम्ही विचारलंत, "म्हणजे सूर्याला इथून तिथे जायला दीड तास लागतो?"

"हो, तसंच समजा."

"मग तुझं विमान काय सूर्यापेक्षा हळू जातं?"

 हे कॉटवर पडून हसत होते. खरं उत्तर होतं की हो, हळूच जातं. पण तुम्ही ज्या थाटात माझ्याकडे बघत होतात, त्यापुढे ते बोलायची माझी छाती झाली नाही. मग मी दुसरीकडून गेले. म्हटलं, "बरं, येताना बघा. तिकडून बाराला निघतं आणि इथे साडेचारला उतरतं. जाताना दीड आणि येताना साडेचार, असं कसं होईल?"

"का नाय होणार?" तुम्ही माझ्या बॅगांकडे बोट दाखवलंत. दूध पावडरचे डबे, दोन ब्लँकेटं, इस्त्री, सगळ्या आळीसाठी साबण. "जाताना माणूस हलका असतो. येताना सगळे असलीच ओझी घेऊन बसतात. विमान तरी काय करील?"

इथे आपलं भांडण अडकलं ते अडकलंच. पण तुम्ही एक केलंत. सूर्याचा हिशोब सोडला नाहीत, तरी झाडूच्या बाबतीत जोखीम घ्यायची नाही असं ठरवलंत. समोरच्या हंसाबेनकडे फोन होता. मी मस्कतला उतरले की विमानतळावरूनच त्यांचा नंबर फिरवायचा, तीन घंट्या वाजू द्यायच्या आणि ठेवून द्यायचा. पुढच्या खेपेपासून मी निघाले की तुम्ही आपल्या दारात आणि हंसाबेन त्यांच्या दारात, अशा दोघी बसायचात म्हणे. तीन घंट्या झाल्या की हंसाबेन ओरडायच्या, "बा, सुनंदा पोंच गई!" आणि तुम्ही स्वातीला सांगायचात, "निकालो झाडू!" हंसाबेनशी बोलून बोलून तुमचं घरातलं मराठीही तसलंच झालं होतं.

त्या हिशोबाने तुम्ही सगळ्या केबिन रोडवर किती नाव कमावलंत! आखातात जाणारं कोणी ना कोणी दर दोन इमारतींत होतं. त्यांच्या आया, बायका तुम्हाला विचारायला यायच्या. तुम्ही आधी सुटायची आणि पोचायची वेळ विचारायचात आणि मग एसटीचा थांबा सांगायचात. दुबई, पनवेल. कुवेत, पेणच्या अलीकडे. लंडन, महाड. भाजीवाल्या शेवंताबाईचा मुलगा कुवेतला निघाला तेव्हा ती तुमच्यापुढे रडली. तुम्ही तिला म्हणालात, "अगो, पेणला पोरगं गेलं म्हणून कोण रडतं?" ती डोळे पुसून हसली आणि तुमच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी टाकली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कुवेतचे किलोमीटर ऐकून त्या बाईला झोप लागली नसती. पेण ऐकून लागली असेल.

सिंगापूरने मात्र तुमची पंचाईत केली. ते पूर्वेला, तिथली घड्याळं आपल्या पुढे. हंसाबेनच्या भाच्याला एक नोकरी लंडनच्या मामाच्या दुकानात आणि एक सिंगापूरला अशा दोन ठिकाणांहून बोलावणं होतं. तुम्ही दोन्हीकडच्या वेळा विचारल्यात आणि निकाल दिलात. "हंसाबेन, सिंगापूर मत भेजना. बहुत दूर है. सुबह दस को निकलेंगा तो शाम को छे बजे पोचेंगा. लंडन भेजो. लंडन नजदीक है, दोपहर को पोचके जेवेंगा." मी सुटीवर आले होते, शेजारी बसून सगळं ऐकत होते. तोंडात पदर कोंबून बसले. मुलगा लंडनलाच गेला. त्याला मामाचं दुकान बरं वाटलं म्हणून गेला, पण श्रेय तुम्ही घेतलंत आणि हंसाबेननी ते दिलंही. आता तुम्ही नाही, म्हणून सांगते. ह्या एका बाबतीत तुम्ही साफ चूक होतात, आई.

मी तुम्हाला मस्कतला न्यायचं म्हणत होते, त्याला तुम्ही किती फाटे फोडलेत! आधी म्हणालात, विमान मध्ये कुठे थांबत नाही, चहा घ्यायचा कुठे? मी म्हटलं, चहा विमानातच देतात. मग म्हणालात, स्वातीची शाळा बुडेल. मी म्हटलं, मे महिन्यात या. मग गुडघे निघाले. गेल्या दिवाळीत मी शेवटचं विचारलं तेव्हा तुम्ही खरं कारण सांगितलंत. "तू आणि मी दोघी वर असलो, तर खाली झाडू कोण राखील? तुझ्या नवऱ्याला, सुधीरला, कळतं का त्यातलं? तो आपला पाठ फिरली की पंखा लावून केर उडवायचा." मला ते कारण पटलं नाही. मला तुम्हाला समुद्र दाखवायचा होता, माझा वॉर्ड दाखवायचा होता. डॉक्टर मला नावाने हाक मारतात आणि विचारून औषध बदलतात, ते तुमच्यासमोर व्हायला हवं होतं. आमच्या मेट्रनना सांगायचं होतं की ह्या बघा त्या मिनिस्टर. ते राहिलं. ते राहिल्याचा मला राग आहे आणि तो तुमच्यावरच आहे.

दहाव्याच्या दिवशी विधी उरकून परत येताना ह्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मी गेल्यानंतरच्या पहिल्या मे महिन्यात तुम्ही दोघं स्वातीला घेऊन गावाला निघालात. काशिमीऱ्याला एसटीत बसलात, चेण्याची झाडी मागे पडली, ठाणं गेलं आणि गाडी पनवेलच्या स्टँडवर थांबली. कंडक्टर ओरडला, "पनवेल, पनवेल!" तशी पोरगी सीटवरून उठली, चपला घातल्या आणि दाराकडे निघाली. म्हणाली, "आजी, चल ना. आई इथेच असते ना?"

हे म्हणाले, मी सीटवरच बसून राहिलो. तुम्ही मात्र उठलात. कंडक्टरला म्हणालात, "भाऊ, गाडी सोडू नको, मी आलेच." तिचा हात धरून खाली उतरलात. तिला घेऊन सगळ्या स्टँडला एक फेरी मारलीत, रसवंतीपाशी, चौकशीच्या खिडकीपाशी, पार मागच्या फलाटापर्यंत. मग चौकशीच्या खिडकीशी थांबून आतल्या माणसाला काहीतरी विचारलंत आणि परत येऊन स्वातीला सांगितलंत, "आज आईची ड्युटी हाय. साहेब सोडत नाय म्हणतो." पोरीने मान हलवली, तुमच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि वडखळ यायच्या आत झोपली. हे म्हणाले, तेव्हा पहिल्यांदा आईला खिडकीकडे तोंड करून रडताना पाहिलं. आणि हेही म्हणाले की तुम्ही त्यांना बजावून ठेवलं होतंत, सुनंदाला हे कळता कामा नये, ती नोकरी सोडून येईल.

आले असते, आई. खरंच आले असते. तुम्ही मला बरोबर ओळखलं होतंत. पण इतकी वर्षं ते एकटीच्या पोटात ठेवायला नको होतंत. माझ्या वाटणीचं रडणं तुम्ही रडलात आणि मी तिकडे हॉस्टेलात मैत्रिणींना सांगत होते, माझी मुलगी फार समजूतदार आहे, अजिबात रडत नाही. मी त्या समजूतदारपणाचं कौतुक करत होते आणि तो घडवणारी बाई फोनवर म्हणायची, "सगळं बरं हाय. तू जेवतेस ना?"

आता त्या दिवसाबद्दल. तुम्हाला सगळं माहीत असेलही, पण मला सांगायचंय.

सकाळी वॉर्डात ह्यांचा फोन आला. तुम्ही पहाटे पाणी भरायला उठलात, हंडा भरलात, ओट्यावर ठेवलात आणि तिथेच बसलात त्या उठला नाहीत. हे रडत होते, बोलता येत नव्हतं. मी फक्त एक विचारलं, "भाऊजींना कळवलं?" म्हणाले, "हो, गावात निरोप गेला." पुढचं मला नीट आठवत नाही. मेट्रन स्वतः ऑफिसात जाऊन माझा पासपोर्ट घेऊन आल्या, कोणी तिकीट आणलं, कोणी गाडीत घातलं. बाराच्या विमानात मी बसले तेव्हा अंगावर नर्सचाच ड्रेस होता आणि हातात फक्त पर्स. ना डबे, ना ब्लँकेट. खिडकीबाहेर बघत मी विमानाला मनात म्हणत होते, आज तर मी हलकी आहे, आज तरी लवकर चल. ते साडेचारलाच उतरलं.

सहार विमानतळाहून टॅक्सी केली. दहिसरच्या चेकनाक्यावर गाड्यांची रांग. मी ड्रायव्हरला म्हटलं, "भैया, घर में मौत हुई है." तो कडेच्या मातीतून गाडी काढत गेला. दिवेलागणीच्या आत मी आपल्या इमारतीखाली होते. खाली पुरुषमंडळी उभी होती, मासळी बाजारातून बर्फाच्या लाद्या आणवल्या होत्या. मला वाटलं, माझ्यासाठी थांबलेत. जिन्यात हंसाबेननी मला मिठी मारली आणि म्हणाल्या, "तू आ गई? जेठजी तो अभी तक नहीं आये. गाँव से बस ही नहीं पोंची."

माझ्यासाठी नव्हता तो बर्फ, आई. तो गावाहून येणाऱ्या तुमच्या मुलासाठी होता. मस्कतची सून आली होती.

भाऊजींची एसटी घाटात अडकली, पुढे ट्रक उलटला होता. ते दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर जाऊबाईंना घेऊन आले. धुळीने माखलेले, डोळे सुजलेले. दारातून आत पाऊल टाकलं आणि तुमच्या उशाशी बसलेल्या मला पाहून थांबले.

"तू कवा आलीस?"

"काल. दिवे लागायच्या आधी."

ते तिथेच, उंबऱ्याच्या आत, खाली बसले. तुमच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "जिंकलीस गो आई. गावच लांब निघाला." आणि एवढा मोठा माणूस गुडघ्यात डोकं घालून रडला. मीही रडले. पण आई, खोटं कशाला सांगू, त्या रडण्याखाली मला इतका अभिमान वाटत होता की छातीत मावत नव्हता. तुमचा शब्द मी खाली पडू दिला नव्हता. ज्या हातांनी माझ्या हातावर दही ठेवलं होतं, ते हात मी तुमच्या छातीवर नीट जुळवले. भाऊजींनी मग मलाच बोलावलं. म्हणाले, "तोंडात पाणी तू घाल पयलं. तिनं तवा तुझंच नाव घेतलेलं." मी तुळशीच्या पानाने तुमच्या ओठांवर पाणी सोडलं. हे, भाऊजी, जाऊबाई माझ्यामागे उभे होते.

मग तुम्हाला नेलं. जिन्यावरचे आवाज हळूहळू खाली गेले, गल्लीतून केबिन रोडकडे गेले आणि ऐकू येईनासे झाले. घरात आम्ही बायका राहिलो. तुम्ही होतात त्या जागी दिवा लावला. जाऊबाईंनी पदर खोचला, कोपऱ्यातला झाडू घेतला. अशा वेळी पाठोपाठ केर काढून घर धुवायचं असतं. मला ते ठाऊक आहे, आमच्या माहेरीही तसंच करतात. फुलांच्या पाकळ्या, तांदळाचे दाणे, कापसाचे तुकडे, सगळीकडे पडलं होतं.

मी उठून त्यांचा हात धरला. "थांबा, जाऊबाई."

"अगो, ह्या वेळेला लगेच काढायचा असतो."

"माहितीये. पण त्या पोचल्या नाहीत अजून."

 हंसाबेन दारातून आत आल्या आणि जमिनीवर बसल्या. मग जाऊबाईंनीही झाडू माझ्या हातात दिला आणि बसल्या. मी तो माळ्यावर टाकला, तुम्ही टाकायचात तसा. स्वाती माझ्या मांडीशी येऊन बसली. कचरा तसाच होता. तुम्ही अजून घरातच होतात.

किती वेळ थांबायचं हा प्रश्न होता. तिथून तीन घंट्या येणार नव्हत्या. अंतर कोणाला विचारायचं, कोणाकडे पट्टी आहे? मग मी तुमचाच हिशोब धरला, जो इतकी वर्षं खोडत आले होते. जाताना माणूस हलका असतो. तुम्ही तर काहीच घेतलं नव्हतंत, पर्ससुद्धा नाही. आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो, चौघीजणी.

दीड तास झाला. मी उठले, माळ्यावरून झाडू काढला आणि केर काढला.